गाण्यातली गंमत, टवाळी आणि खरेपणा

प्रश्न सोलापुरातल्या एका हौशी गटाचा आहे. पाच जण, त्यात दोघी मुली. अशोक चौकाजवळच्या एका खोलीत सराव करतात आणि गणेशोत्सवात, गॅदरिंगला, घरगुती समारंभांत गातात. साथीला हार्मोनियम, ढोलकी आणि अधूनमधून कराओके ट्रॅक. त्यांचं म्हणणं असं: "जुनं विरहगीत मुद्दाम रडका आवाज काढून म्हटलं की हशा आणि शिट्ट्या. तेच गाणं मनापासून म्हटलं की लोक मोबाईल काढतात. मग विनोद आणि खरेपणा एकाच कार्यक्रमात बसवायचे कसे? विडंबन नीट रचायचं कसं? आणि जी गाणी आम्ही 'नुसती गंमत म्हणून' ऐकतो, ती आतून खरोखर आवडतात, हे कबूल करायला लाज का वाटते?"

सुरुवात रडक्या आवाजापासून करू. तो विनोद नाही, आडोसा आहे. गाणाऱ्याला भीती असते की आपण मन लावून गायलो आणि जमलं नाही तर लोक हसतील. म्हणून तो आधीच सांगून टाकतो, "आम्ही काही मनावर घेतलेलं नाही." ओळखीचे लोक हसतात, कारण नेहमी शहाण्यासारखा वागणारा मित्र आज वेडेवाकडे आवाज काढतोय. म्हणजे ते तुमच्या ओळखीला हसतात. हाच प्रकार दुसऱ्या पेठेतल्या मंडळापुढे केला की दुसऱ्या कडव्यापर्यंत हशा आटतो आणि पुढची दोन मिनिटं फक्त बेसूर गाणं उरतं.

आपल्याकडच्या परंपरेत विनोद आणि कळकळ कधी एकमेकांच्या आड आलेले नाहीत. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीआईला नवस बोलते आणि सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, शेवटी दादला, असं एकेकाला वाटेतून दूर करायला सांगते. पंढरपूरच्या वाटेवर आजही लोक त्यावर पोट धरून हसतात. पण शेवटी "सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे" अशी मागणी येते तेव्हा ते घरातलं भांडण राहत नाही, देवापुढे एकटं उभं राहण्याची आर्जव होते. आधीचा हशा खरा असेल तरच ती ओळ लागते. भारुड करणारा सुरुवातीपासून "याचा अर्थ खोल आहे बरं" असा चेहरा करून उभा राहिला तर दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

सोलापूरकरांना तर लांब जायलाच नको. शाहीर राम जोशी इथलेच. ढोंगी साधूला हाणणारी त्यांची रचना "हटातटानें पटा रंगवुनि जटा धरिसि का शिरीं" अशी सुरू होते. ही ओळ चालीशिवाय नुसती मोठ्यानं म्हणून बघा. ह, ट, त, ट, प, ट... जीभ टाळूवर थाप मारत जाते. ढोंग्याची टर त्या 'ट'च्या माऱ्यात आहे. पण कवीला ढोंगाची चीड खरीच आहे, आणि ओळीची बांधणी इतकी घट्ट आहे की एक अक्षर इकडचं तिकडे करता येत नाही. कारागिरीत कुठेही चेष्टा नाही. तमाशातला सोंगाड्याही असाच. बतावणीत तो कितीही गाढवपणा करो, त्याच्या मते तो अगदी योग्य बोलत असतो. गवळणीतली मावशी कृष्णावर मनापासून चिडलेली असते. ती स्वतःच हसली की प्रेक्षक हसायचे थांबतात.

यातून सरावासाठी घ्यायचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट वाकडी करायची, बाकी सगळं सरळ ठेवायचं. शब्द गमतीचे असतील तर सूर, ताल, चेहरा आणि साथ मूळ गाण्याइतकीच गंभीर हवी. ताल मोडायचा असेल तर शब्द साधे ठेवा. शब्दही गमतीचे, आवाजही रडका, हातवारेही आणि ढोलकीही धिंगाणा घालतेय, असं झालं की ऐकणाऱ्याला कशाला हसायचं तेच कळत नाही. हौशी गटांत सर्वांत जास्त वेळा बिघडतं ते इथेच.

आता विडंबन. केरव्यातलं, म्हणजे आठ मात्रांच्या तालातलं, एखादं संथ विरहगीत डोळ्यासमोर ठेवा, ओळीचा प्रत्येक अर्धा भाग ८ अधिक ८ अशा १६ मात्रांचा. विषय आपल्या शहराचा घेऊ, काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी. पहिला खर्डा असा होईल:

रात संपली, वाट पाहिली, दार उघडुनी बसले रे
चार घागरी मांडुन दारी, नळा, तुला मी स्मरले रे

मात्रा मोजा: ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घ किंवा अनुस्वाराच्या अक्षराच्या दोन. "रात संपली" ८, "वाट पाहिली" ८, "दार उघडुनी" ८, "बसले रे" ६, आणि उरलेल्या दोन मात्रा 'रे' लांबवून भरायच्या. मोजणी बरोबर आहे, तरी हे कडवं मंचावर पडेल, कारण "घागरी" हा शब्द आला की हुशार श्रोत्याला नळ दिसला. गंमत आठ मात्रा आधीच फुटली. म्हणून तिथे विरहच चालू ठेवायचा:

चार दिसांचा विरह सोसला, नळा, तुला मी स्मरले रे

"चार दिसांचा" ८, "विरह सोसला" ८. आता "नळा" येईपर्यंत कुणालाही शंका येत नाही, आणि आला की मागचे चार दिवस आपोआप उलगडतात. अजून एक खोट आहे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, 'न' येतो, आणि तो ऱ्हस्व आहे. ढोलकीची थाप पडते तेव्हा गळ्यात दुबळं अक्षर असेल तर शब्द मागच्या रांगेपर्यंत जात नाही. म्हणून "सोसला"तला 'ला' एका मात्रेत आवरायचा, सोळाव्या मात्रेवर 'न' उचलायचा आणि बरोबर समेवर 'ळा' ठेवायचा. तो तीन मात्रा धरायचा. मग 'तु' एक, 'ला' दोन, 'मी' दोन, असे आठ पुरे होतात. लांब सुरावर दीर्घ अक्षर, जलद सुरांवर जोडाक्षर नाही, आणि ज्या शब्दावर हसू हवं तो समेवर किंवा ओळीच्या अगदी शेवटी. विडंबनाचं निम्मं काम या तीन गोष्टींत होतं. उरलेलं निम्मं कात्रीचं. धृपद आणि दोन अंतरे पुरेत. तिसरा अंतरा सुचला म्हणून गाऊ नका. तीन मिनिटांपुढे प्रत्येक ओळीला आधीच्या ओळीपेक्षा जास्त हसवावं लागतं, आणि ते फार थोड्यांना साधतं.

गाताना हे गाणं खरोखर विरहिणीनं गावं. जिवणीच्या कोपऱ्यातही हसू नको. उन्हाळ्यात रात्री-अपरात्री उठून नळाची तोटी उघडून बघणारी बाई खरोखर वाट बघत असते. समोर बसलेल्यांपैकी अनेक जणी ते करून आलेल्या असतात. त्या हसतात, कारण त्यांचे हाल कुणीतरी सुरात मांडले. त्यांची टर उडवली तर त्याच बाया गप्प बसतील.

हशाला जागा ठेवणं हे ढोलकीवाल्याचं काम. दर मिनिटाला १६० मात्रांची लय असेल तर केरव्याचं एक आवर्तन ३ सेकंदांत संपतं. भरलेल्या मांडवातला मोकळा हशा सहसा एका आवर्तनात ओसरत नाही. म्हणून हमखास हशाच्या दोन-तीन जागा आधीच ठरवा. तिथे ढोलकीनं ठेका हलका करून चालू ठेवायचा, हार्मोनियमनं षड्ज (सा) धरायचा आणि गायिकेनं मान हलवली की पुढची ओळ उचलायची. हसू पूर्ण विरायची वाट बघू नका. ते उतरणीला लागलं की उचला, नाहीतर मध्ये भोक पडतं. कराओके ट्रॅक थांबत नाही, म्हणून विडंबन ट्रॅकवर गाऊच नये. पुढची ओळ हशात बुडते आणि नेमकी तीच उत्तम असते.

मुद्दाम बेसूर गायचंच असेल तर त्यालाही हिशेब लागतो. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले, तर २०-३० सेंट उतरलेला सूर चूक वाटतो आणि पूर्ण १०० सेंट सरकलेला सूर मुद्दाम वाटतो. मोबाईलवरच्या ट्यूनरमध्ये हे दिसतं. क्रम असा ठेवा: पहिल्यांदा ओळ अगदी सुरेल, म्हणजे घर कुठे आहे ते सगळ्यांना कळेल. दुसऱ्यांदा शेवटचा सूर अर्धस्वर वर, न डगमगता धरलेला. मग बिनचूक घरी परत. हे परत येणं जमेपर्यंत मंचावर नेऊ नका, कारण गमतीचा सगळा भरवसा त्यावर आहे. मोझार्टनं १७८७ साली अडाणी संगीतकारांची थट्टा करणारी एक रचना केली. तिच्या शेवटी तंतुवाद्यं निरनिराळ्या पट्ट्यांत जाऊन आदळतात. ती वाजवायला पक्के वादक लागतात. कच्चे वादक बसले तर थट्टा कुणाची चाललीय तेच कळत नाही.

तालातली गंमत त्याहून सुंदर, आणि सोलापुरात हमखास लागू पडणारी, कारण लेझीम आणि हलगी ऐकत वाढलेल्या प्रेक्षकांचा हात समेवर आपोआप खाली येतो. केरव्याची दोन आवर्तनं म्हणजे १६ मात्रा. समेपासून पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा थांबा, पुन्हा पाच, पुन्हा एक थांबा, पुन्हा पाच. एकूण १७, म्हणजे तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा बोल, 'धा', नेमका पुढच्या समेवर. ही तिहाई, म्हणजे तीनदा येणारा तुकडा, कार्यक्रमात दोनदा सरळ वाजवा. तिसऱ्यांदा दुसरा थांबा एकऐवजी दोन मात्रांचा करा. सगळ्यांचे हात समेवर पडतात, ढोलकी गप्प, आणि 'धा' एक मात्रा उशिरा येतो. शब्द नाही, हावभाव नाही, तरी सगळा मांडव हसतो. पहिल्यांदाच असं केलं तर मात्र लोक म्हणतील ढोलकीवाला चुकला. आधी सवय लावावी लागते, मगच ती मोडता येते. हायडन या संगीतकारानं चार तंतुवाद्यांसाठीच्या १७८१च्या आपल्या एका रचनेच्या शेवटी हेच केलं आहे: रचना संपल्यासारखी थांबते, पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते, आणि ऐकणाऱ्याला टाळी कधी वाजवावी ते उमगत नाही.

ध्वनीबद्दल थोडक्यात. विनोदी गाण्याला प्रतिध्वनी जवळजवळ बंदच ठेवा. शब्दावर शब्द चढला की समेवरचा "नळा" चिखलात जातो. माईक ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर असला की आवाज भरदार होतो पण व्यंजनं घुमतात, त्यामुळे आठ-दहा सेंटिमीटरवर धरा आणि १०० हर्ट्झखालचा भाग मिक्सरवर कापा. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर खोलीतल्या सरावात शब्द किती स्पष्ट आहेत याचा अंदाज येत नाही. एक सराव शांत जागी घ्या, एकाला पंधरा पावलं लांब उभं करा आणि ऐकू आलेले शब्द लिहून काढायला सांगा.

आता मोबाईल बाहेर येतात तो भाग. तुम्हाला वाटतं की लोकांना खरेपणा नको आहे. तसं नाही. मनापासून गाताना हौशी गायकाचं तांत्रिक बिघडतं आणि लोकांचं लक्ष सुटतं. बहुतेक वेळा पट्टीच चुकीची असते. कराओके ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, आणि काळी एक किंवा काळी दोनमध्ये (म्हणजे हार्मोनियमची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी 'सा' धरून) आरामात गाणारा मुलगा तारसप्तकात ओढाताण करतो. अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर तुम्हाला सलग पाच वेळा, आवाज न फाटता लागला पाहिजे. नाही लागला तर ट्रॅक अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली आणा. तीन-चार अर्धस्वरांपुढे ट्रॅकचा आवाजच बिघडतो, तेव्हा ट्रॅक सोडून हार्मोनियमवर या. मुली बहुधा काळी चार-काळी पाचमध्ये गातात, म्हणून द्वंद्वगीतात कुणी कुठे तडजोड करायची ते आधीच ठरवा.

दुसरं, शब्द पाठ नसतात. डोळे मोबाईलच्या पडद्यावर असलेला गायक "तुझ्याविना" म्हणतो तेव्हा तो पडद्यालाच म्हणत असतो. मग श्रोत्यांनीही आपापला पडदा काढला तर त्यांना दोष कसा द्यायचा? तिसरं, मूळ गायकाच्या सगळ्या मुरक्या, म्हणजे सुरांची बारीक वळणं, उचलायचा हट्ट. दहापैकी सात अर्धवट लागतात. त्यापेक्षा चाल सरळ गा आणि असं एकच वळण, जे पक्कं आहे, ते दुसऱ्या अंतऱ्यासाठी राखून ठेवा. आणि चौथं, गाण्याआधी "गोड मानून घ्या, सराव झालेला नाही" ही माफी. ती रडक्या आवाजाचीच सख्खी बहीण आहे. बंद करा. पट्टी, पाठांतर आणि श्वासाच्या जागा, एवढं नीट केलं की साध्या आवाजाचं साधं गाणंही मांडव धरून ठेवतं.

दोन्ही प्रकार एका कार्यक्रमात बसवताना जोड महत्त्वाचा. हशा चालू असताना "आता जरा गंभीर होऊया" असं निवेदन करू नका. गंभीर व्हा म्हटल्यावर कुणी होत नाही. विनोदी गाणं आणि त्यामागचं हळवं गाणं एकाच पट्टीत घ्या. पहिलं संपलं की ढोलकी थांबवायची, हार्मोनियमचा षड्ज तसाच चालू ठेवायचा, टाळ्या विरल्या की त्याच सुरावर पुढच्या गाण्याची पहिली ओळ तालाशिवाय, संथ. ठेका दुसऱ्या ओळीपासून, तोही हलका. हसून मोकळी झालेली माणसं या क्षणी सर्वांत जास्त ऐकायच्या मनःस्थितीत असतात. भारुडामागून अभंग येतो तो काही उगाच नाही. उलट दिशेनं, म्हणजे हळव्या गाण्यावरून लगेच विडंबनावर, जाऊ नका. आत्ताच डोळे पुसलेल्या माणसाला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. मध्ये एखादं वाद्यावरचं किंवा समूहगीत ठेवा. रात्री १० नंतर सहसा ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात आणि कार्यक्रम कधीच वेळेवर सुरू होत नाही, म्हणून सर्वांत जीव लावून बसवलेलं गाणं शेवटी ठेवलंत तर ते कापलं जाणार. ते सव्वानऊच्या आत येऊ द्या.

कुणाला हसायचं याबद्दल मला ठाम सांगायचं आहे. आपला प्रेक्षक मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारा, शिवाय उर्दू-हिंदी बोलणारा. निव्वळ मराठी शब्दांच्या कोट्या अर्ध्या मांडवाला कळत नाहीत, पण तालाची गंमत सगळ्यांना कळते. "काय करायलास बे" हे सोलापुरी वळण विडंबनात जरूर वापरा, कारण ते बोलणारा स्वतःवर हसतो आणि सगळं गाव त्यात सामील असतं. दुसऱ्या भाषेच्या माणसाचे उच्चार ओढून-ताणून काढणं, कुणाचं तोतरेपण, रंग, जात, अंगकाठी, हे घेऊ नका. त्याला हशा मिळतोही. पण तो मिळताना मांडवात कुणीतरी मान खाली घालून बसलेलं असतं, आणि तेही तुमचेच श्रोते आहेत. नळ, उकाडा, धूळ, उशिरा येणारी बस, स्वतःचा आळस, यांवर हसा. नक्कल करायचीच असेल तर ज्याचं गाणं तुम्हाला खरोखर आवडतं त्याचीच करा. प्रेमानं केलेल्या नकलेत श्वास कुठे घेतला, शब्द कसा सोडला, असे बारकावे येतात. नावडत्याच्या नकलेत फक्त ओरडणं येतं.

राहिला ऐकण्याचा प्रश्न. "गंमत म्हणून" ऐकता त्या गाण्याचा दुसरा अंतरा तुम्हाला पाठ आहे का? त्याआधीचा वाद्यांचा तुकडा तोंडानं वाजवता येतो का? येत असेल तर ते गाणं तुम्हाला आवडतं, विषय संपला. आता लाज सोडून कामाला लागा. त्यातल्या तीन गोष्टी नाव घेऊन सांगा: अमुक जागी ढोलकी दुप्पट होते, तमुक शब्दावर आवाज कापतो, धृपदावर परत येताना चाल कशी वळते. जे गाणं "पांचट" म्हणून हिणवलं जातं त्यात अनेकदा शब्द कच्चे आणि वादन अव्वल असतं, किंवा चाल उसनी पण गळा सोन्याचा. कच्चं ते कच्चं म्हणा, चांगलं ते उघडपणे घ्या. वरातीत बँडवाले विरहाचं गाणं दणक्यात वाजवतात त्याला आपण हसतो, पण त्यांच्या दृष्टीनं ती नाचायला उत्तम चाल आहे, आणि पिपाणीसारख्या चढ्या सुरात क्लॅरिनेट ती इतकी स्पष्ट वाजवतो की लांबच्या गल्लीतही गाणं ओळखू येतं. बेंजो पार्टीचंही तेच. ज्याला आपण बेंजो म्हणतो तो खरा विजेवरचा बुलबुलतरंग. डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या, आणि मींडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, आभास नुसत्या कळांवरून आणायचा, हे कसब आहे. पुढच्या मिरवणुकीत वादकाच्या डाव्या हाताजवळ उभं राहून एक गाणं पूर्ण बघा. सरावाच्या खोलीत परतल्यावर तेच गाणं एकदा, रडका आवाज न काढता, तुमच्या पट्टीत गाऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दोन दिवसांनी ऐका. जिथे आवाज लाजून मागे सरतो, ती ओळ लिहून ठेवा आणि पुढचा सराव तिथून सुरू करा.